माझ्या नावानं आलेला फोन

बाभुळगाव,
दि. २१ एप्रिल २०२५

प्रिय मुख्तारभाई यांस,
सप्रेम नमस्कार.

माझा फोन बंद लागत असेल. तो बिघडलेला नाही. मी बंद करून कपाटात ठेवला आहे, रजनीचाही ठेवला आहे. म्हणून हे पत्र. उमरखेडच्या कचेरीत असताना टाइपरायटरचं काही अडलं की मी तुम्हाला चिठ्ठी पाठवत असे, तसंच हे समजावं. आता तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता म्हणून विचारतो.

दि. १५ रोजी सकाळी साडेदहाला मी संगणकावर पंचांग पाहत होतो. पडदा एकाएकी लाल झाला आणि आतून भोंगा वाजू लागला. एक बाई इंग्रजीत काही बजावत होती. खाली लिहिलं होतं की संगणक बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा. मी साधला.

तुम्ही म्हणाल, छत्तीस वर्षं तहसिलीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला शंका कशी आली नाही. आली होती. मी फोनवरच्या माणसाला नाव विचारलं, हुद्दा विचारला, माझी तक्रार कोणत्या क्रमांकानं नोंदवली तेही विचारलं. त्यानं तिन्ही न अडखळता सांगितलं. वरिष्ठ अभियंता. तक्रार क्रमांक सुरक्षा/४४७१. मी वहीत लिहून घेतलं. त्यानं मला तो परत वाचून दाखवायला लावला आणि माझा एक आकडा चुकला होता तो दुरुस्त करून दिला. त्यानंतर मला शंका उरली नाही. ज्या कागदाला क्रमांक आहे तो कागद खरा, असंच आम्ही आयुष्यभर धरून चाललो.

त्याच्या सांगण्यावरून एक अॅप उतरवून घेतलं. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. मी हात मांडीवर ठेवून बसलो. तो काय करतो ते वेळेसह लिहीत गेलो. शेवटी त्यानं बँकेचं पान उघडायला लावलं, आणि एक वाजून चाळीस मिनिटांनी लाइट गेली. मी त्याला फोन करून दिलगिरी व्यक्त केली की आमच्याकडे वीज नाही. तो म्हणाला, कोई बात नहीं सर.

दुपारी बँकेत गेलो तेव्हा तिथल्या वर्षा मॅडमनी सांगितलं की ही फसवणूक आहे. त्यांनी खातं लगेच गोठवलं. आर्थिक नुकसान निरंक.

त्या तीन तासांच्या टिपणीची नक्कल सोबत जोडली आहे. संगणक पुन्हा सुरू करावा किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. त्यावर सध्या चादर टाकली आहे.

मला वाईट वाटतं आहे का, असं रजनी विचारते. तसं काही वाटत नाही. काहीच वाटत नाही.

आपला,
मधुसूदन


उमरखेड
२६ एप्रिल

मधुबाबू, सलाम.

पोस्टमननं पाकीट दिलं तवा मले वाटलं कोणाच्या तेरवीची पत्रिका आली. उघडून पाहतो तं तुमचं अक्षर. सुग्रा म्हणे, मोठ्यानं वाचा. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन परवा पुसदले आहे, तवर ती मलेच वाचायले लावते, पेपरही अन् औषधाच्या बाटलीवरचंही.

पहिली गोष्ट. तो लाल पडदा म्हणजे नुसतं चित्र होतं. भिंतीवर कोणी वाघ काढून ठेवला तं घर सोडून पळतो का आपण? कॉम्प्युटरच्या कंपनीले माहीतच नसते की बाभुळगावात मधुसूदन नावाचा माणूस पंचांग पाहून राह्यला. ती कोणाले फोन करत नाही, पडद्यावर फोन नंबरही देत नाही. असं झालं की सरळ बटण दाबून बंद करायचं. काही नष्ट होत नाही. वाचवा म्हणून ज्याले फोन लावला तोच चोर असते.

अन् त्यानं नंबर सांगितला म्हणून तुम्ही निवांत झाले, हे वाचून मी हसलो, माफ करा. मग हसू थांबलं. कारण तो माणूस हुशार आहे. तुम्ही काय विचारता त्यावरून तुमाले काय पाहिजे हे त्यानं ओळखलं. मी सातवी शिकलो, मराठी टाइपरायटरचे खिळे साफ करता करता जोडाक्षर शिकलो. मले कोणी नंबर सांगितला असता तं मी म्हटलं असतं, नंबरचं काय लोणचं घालू? तुमाले नंबर म्हणजे देवाचा प्रसाद.

आता दुसरी गोष्ट, अन् ही हसण्याची नाही. टिपणी मी तीन वेळा वाचली. तुमचा मुद्दा सतरा असा आहे: ‘१२.४०. पेन्शनर मंडळ या फोल्डरची पडताळणी केली. एकूण ४१. हिरवी पट्टी शंभर टक्के भरली.’

मधुबाबू, ही पडताळणी नाही. हिरवी पट्टी भरते म्हणजे इकडचं तिकडं जाऊन राह्यलं. दर नोव्हेंबरले तुम्ही मंडळाच्या लोकायचे हयातीचे दाखले घरी बसून फुकट भरून देता. त्यायचे मोबाईल नंबर, आधार, पेन्शनचा नंबर, मेलेल्या नवऱ्याचं नाव, सगळं त्या फोल्डरात आहे, तुम्हीच मले मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. लाइट गेली म्हणून तुमचा पैसा वाचला. पण त्याच्या एक तास आधी त्यानं एकेचाळीस माणसं उचलून नेली.

आता तो त्यायले फोन करन. अन् तुमचं नाव घेऊन करन, कारण फोल्डरात सगळीकडे तुमचंच नाव आहे.

तुमचा फोन लावला, बंद. वहिनीचा लावला, बंद. बाकी बाभुळगावात मी कोणाले ओळखत नाही. ऑपरेशन नसतं तं पहिल्या बसनं आलो असतो. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतो. पत्र हाती पडलं की चप्पल घाला अन् एकेकाच्या घरी जा. ऑनलाइन फसवणुकीचा सरकारी नंबर आहे १९३०, त्यावर कळवा. कॉम्प्युटरची चादर तशीच राहू द्या.

तुमचा
मुख्तार


बाभुळगाव,
दि. ३ मे २०२५

प्रिय मुख्तारभाई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र दि. २९ रोजी मिळालं. सुग्राभाभींचं ऑपरेशन सुखरूप झालं असेल. कळवावं.

मुद्दा सतराबाबत आपण व्यक्त केलेली भीती वाचली. तथापि फोल्डर जागच्या जागी आहे, हे मी त्याच दिवशी वीज आल्यावर, बँकेत जाण्याआधी, पाहिलं होतं. कोणतीही फाइल गहाळ झालेली नाही. नेलं असतं तर तिथे राहिलं नसतं.

तरीही खबरदारी म्हणून मंडळाच्या फलकावर सूचना लावण्याचं योजलं आहे. मंडळाची मासिक सभा दि. १० ला असते, तेव्हा वाचूनही दाखवीन. मसुदा असा:

‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, काही तांत्रिक कारणास्तव सभासदांच्या माहितीबाबत अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सर्वांनी आवश्यक ती दक्षता घ्यावी.’

काही बदल सुचवायचे असल्यास कळवावे.

घरोघरी जाण्याबाबत विचार केला. यादीत बत्तीस नंबरला घनश्याम आहे, भूमापनमधला. त्याच्या दारापर्यंत काल गेलो होतो. त्यानं विचारलं, काय साहेब, उन्हाचे? मी म्हटलं, सहज. पाणी पिऊन परत आलो.

आपला,
मधुसूदन


उमरखेड
८ मे

मधुबाबू,

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावर काळा चष्मा लावून सुग्रा दिवसभर ओट्यावर बसते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते. तुमची सूचना मी तिले वाचून दाखवली. ती म्हणे, कोण मेलं?

यात तुम्ही कुठे आहात हो? ‘तांत्रिक कारणास्तव’ म्हणजे कोण? ‘नाकारता येत नाही’ म्हणजे झालं की नाही झालं? पेन्शनरच्या बायकोनं हे वाचून काय करायचं, फोन उचलायचा की नाही? छत्तीस वर्षांची सवय आहे तुमाले, माणूस दिसणार नाही असं लिहायची. या वेळी माणूस दिसला पाहिजे.

अन् फाइल जागेवर आहे म्हणता. झेरॉक्स काढली तं मूळ कागद कुठे जाते? तुमच्याच हातात राहते ना? तसंच हे.

माझंच सांगतो, कधी सांगितलं नाही. कॉम्प्युटर नवीन नवीन शिकलो होतो, तवा एका पतसंस्थेचा कॉम्प्युटर दुरुस्तीले आला. माझ्या हातून सगळा पुसला गेला. सभासदायचं सगळं. दोन दिवस दुकान बंद ठेवून मी घरात पडून राह्यलो, ताप आला असं सांगितलं. सुग्रानं कपाळाले हात लावला अन् म्हणे, ताप तं नाही. मंग म्हणे, आज गेले तं एकच गोष्ट सांगावी लागन. उद्या गेले तं दोन, काय केलं ते अन् लपवलं ते. मी गेलो. मॅनेजर बोलला, लय बोलला. पण त्यायच्याकडे जुनी वही होती, त्यावरून मी अन् त्यायचा क्लर्क महिनाभर बसून पुन्हा भरत गेलो.

१० तारखेची वाट पाहू नका.

मुख्तार


बाभुळगाव
१२ मे

मुख्तारभाऊंना रजनीचा नमस्कार.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहीत आहे. यांना माहीत नाही. हे बाहेर ओसरीत बसले आहेत. सकाळपासून तिथेच आहेत.

आमच्याकडे जमनाबाई येत असते. देवीलाल शिपाई तुम्हाला आठवत असेल, यांच्यासोबतच उमरखेडहून बदलून आला होता. त्याची ही बायको. देवीलाल गेल्यावर तिला कुटुंब पेन्शन मिळते, ती यांनीच मंजूर करून आणली, तेव्हापासून यांचा शब्द तिला वरचा.

नऊ तारखेला ती दुपारी आली. अंगावर चांगलं लुगडं होतं. मी पाणी दिलं. ती यांना म्हणाली, साहेब, झालं का तुमचं काम?

हे म्हणाले, कोणतं काम?

ती म्हणाली, “तुमच्या ऑफिसातून फोन आलता ना सकाळी. माणूस म्हणे, मधुसूदन साहेबायनं सांगितलं, तुमचा हयातीचा दाखला रद्द झाला, नवा करू राह्यलो. देवीलालचं नाव सांगितलं त्यानं, पेन्शनचा नंबर सांगितला. मंग म्हणे, मोबाईलवर आकडे येतील ते सांगा, नाही तं साहेबायची नोकरी धोक्यात येईन. मी म्हटलं, साहेब तं कवाचे रिटायर झाले. तो म्हणे, तेच तं, रिटायर माणसाची पेन्शन बंद करून टाकतील. मंग मी भराभर सांगितले. शेजारच्या पोरीनं वाचून दिले. तीन वेळा आले, तीनही वेळा सांगितले. झालं ना तुमचं काम?”

मुख्तारभाऊ, ती यांना वाचवायला धावली होती. आणि वाचवलं म्हणून सांगायला आली होती.

हे म्हणाले, हो, झालं. ती चहा पिऊन गेली.

ती गेल्यावर मी विचारलं, कोणतं ऑफिस? तेव्हा मला एवढंच म्हणाले, तिचं खातं बघायला पाहिजे. मी घनश्यामभाऊंच्या फोनवरून १९३० ला लावलं, जमनाबाईला घेऊन बँकेत गेले. वर्षा मॅडमनी बघितलं. काही उरलं नव्हतं. ठाण्यात तक्रार दिली. जमनाबाई वर्षा मॅडमना म्हणत होती, साहेबायले सांगू नका बाई, त्यायले वाईट वाटन.

दहा तारखेच्या सभेला हे गेलेच नाहीत.

माझ्या हातात तुमची दोन्ही पत्रं आली, मी वाचली. फसवणुकीचं मला माहीत होतं, पण फोल्डरचं यांनी काही सांगितलं नव्हतं. बेचाळीस वर्षं संसार केला, पण बोलतं कसं करावं ते मला या वेळी सुचत नाही. रागावत नाहीत, रडत नाहीत. काही विचारलं की हो म्हणतात. तुम्ही काहीतरी लिहा.

रजनी


उमरखेड
१६ मे

मधुबाबू,

वहिनीचं पत्र आलं. तुमच्यापासून लपवत नाही, तुम्हीही त्यायच्यावर रागावू नका.

आता मी काही समजावून सांगत नाही. चाळीस राहिले आहेत. तो रोज एकेकाले फोन करत असन. उद्या सकाळी पहिले जमनाबाईकडे जा. तिथून पुढे सगळीकडे.

सांगताना वाक्य ‘मी’ पासून सुरू करा.

मुख्तार


बाभुळगाव,
दि. २ जून २०२५

प्रिय मुख्तारभाई,

दि. २० मे ते ३१ मे या काळात सर्व घरी जाऊन आलो. एकूण ४१. पैकी दोन मयत, एक मुलीकडे पुण्याला, त्यांना घनश्यामच्या फोनवरून सांगितलं. उर्वरित सर्वांना प्रत्यक्ष भेटलो. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात ऊन फार असतं.

पहिल्या दिवशी जमनाबाईकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. मी फसलो, माझ्या कॉम्प्युटरमधून तुझी माहिती गेली, तुला फोन आला तो माझ्यामुळे. त्या दिवशी तू आलीस तेव्हा मला कळलं होतं.

ती म्हणाली, “मंग हो काहून म्हटलं साहेब?”

मी टोपी काढून हातात घेतली.

ती म्हणाली, “मी तं घरी येऊन निवांत झोपली. म्हटलं, आपल्याले नवऱ्याच्या माघारी कोणाच्या तरी कामी पडता आलं.”

मग तिनं सुपातले खडे बाजूला केले आणि म्हणाली, बसा. मी बसलो. अर्धा तास बसलो असेन. ती तांदूळ निवडत राहिली. पोलिसांकडे तिच्या तक्रारीचा पाठपुरावा मी करणार आहे असं सांगून उठलो.

पुढची घरं त्यामानानं सोपी गेली. घनश्याम पंधरा मिनिटं बोलला. म्हणाला, “आमाले साठ वर्षाचे होईपर्यंत नियम शिकवले तुम्ही, अन् तुमी तिकडून कोण बोलते पाहिलं नाही?” बरोबर आहे. नंतर त्यानंच मला मोटरसायकलवर बसवून वस्तीपलीकडची सहा घरं करून आणली. तीन घरी फोन येऊन गेला होता, पण नातवंडांनी उचलला म्हणून वाचले. एका घरी मला आत घेतलं नाही. तेही बरोबर आहे.

प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं. फोनवर आकडे सांगायचे नाहीत, अॅप उतरवायचं नाही, कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर भोंगा वाजला तर बंद करायचा. सगळ्यांनी हो म्हटलं.

रजनीला पहिल्या दिवशी सकाळीच, निघण्यापूर्वी सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे, टोपी घालून जा.

फोन कपाटातून काढला आहे. हे सर्व करताना मला काय वाटलं हे तुम्ही विचाराल. पाय दुखले. बाकी अजून तसंच आहे.

आपला,
मधुसूदन


उमरखेड
५ जून

मधुबाबू,

लय चांगलं केलं. पण माझा धंदा मशीन दुरुस्तीचा आहे. मशीन दुरुस्त झाली असं मालकाले तोंडानं सांगून भागत नाही. कागद घालून चालवून दाखवावी लागते. सगळ्यायनं हो म्हटलं याच्यावर माझा भरवसा नाही. तुम्हीही जमनाबाईले हो म्हटलं होतं.

असं करा. दहा-बारा लोकायले विचारा, मुख्तारभाईच्या घरून कधीतरी खोटा फोन येईन, चालेल का? हो म्हणतील त्यायचेच नंबर कागदावर लिहून पाठवा. कवा येईन ते मात्र सांगू नका. बाकी माहिती काही नको, मले आता दुसऱ्याच्या माहितीची भीती वाटते.

फोन सुग्रा करन. ती म्हणे, दिवसभर काळा चष्मा लावून बसली आहे, बदमाशच दिसून राह्यली, कामही तेच करते.

मुख्तार


उमरखेड
१७ जून

मधुबाबू,

तुमचे तेरा नंबर मिळाले, त्यातल्या बारा जणायले फोन झाले. तीन दिवस लागले, कारण प्रत्येक फोननंतर सुग्राले पाणी लागे.

पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, मैं कंप्यूटर ऑफिस से बोल रही हूँ. चार फोन केले. चौघायनंही ठेवून दिला. एक आजोबा म्हणे, बाई, तुले दुसरा धंदा नाही का, अन् घरी कोणी म्हातारं आहे का नाही? सुग्रा म्हणे, है ना, सामने बैठा है. आम्ही खुश झालो. म्हटलं, मधुबाबूनं काम पक्कं केलं.

मंग संध्याकाळी सुग्रा म्हणे, चोर असं थोडी बोलते? तो तं मधुबाबूचं नाव घेते. मी म्हटलं, घेऊन पाह्य.

त्या चौघायले दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, अन् बाकीच्या आठ जणायले दोन दिवसात. आता ती मराठीत बोलली, गोड आवाजात. “नमस्कार. मधुसूदन साहेबांनी नंबर दिला. ते परवा घरी येऊन गेले ना, तेच काम पुढं चालवतो आहोत. तुमची माहिती आता सुरक्षित करायची आहे. आधारचे शेवटचे आकडे सांगता का?”

बारापैकी नऊ जण सांगायले लागले. सुग्रा मध्येच थांबवे, बस बस, नका सांगू, मी मुख्तारभाईची बायको, फोन खोटा आहे. एक बाई म्हणे, असं कसं खोटा, साहेब स्वतः आलते, एवढ्या उन्हाचे, बिचाऱ्यायचं तोंड पाह्यलं नाही जाय. एक सर म्हणे, साहेबायचं नाव आधी काहून नाही सांगितलं, मी काल उगाच कापला.

ऐकून राह्यले ना? तुम्ही घरी गेले, चूक कबूल केली, तं लोकायच्या मनात तुम्ही खाली उतरले नाहीत. वर चढले. अन् ते वर चढलेलं नावच आता चोराच्या हातातली किल्ली आहे.

हे लिहायले मले जड जाऊन राह्यलं. पण सुग्रानं सांगितलं ते तसंच लिहितो. ती म्हणे, मधुबाबूनं लोकायले सगळं शिकवलं, फक्त स्वतःवर विश्वास ठेवू नका हे नाही शिकवलं. माणूस असं सांगन कसं? पण तेच सांगावं लागते.

तेरावा नंबर तुम्ही जमनाबाईचा टाकला होता. तिले मी फोन करू दिला नाही. ते काम तुमचं.

मुख्तार


बाभुळगाव,
दि. ९ जुलै २०२५

प्रिय मुख्तारभाई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस काही केलं नाही. नंतर दुसरी फेरी सुरू केली, ती काल संपली.

पहिल्या फेरीत सांगायचं होतं की मी चुकलो. ते सांगता येतं, असं कळलं होतं. या वेळी सांगायचं होतं की माझं नाव कोणी घेतलं तर फोन ठेवा. मी स्वतः बोललो तरी ठेवा. आवाज माझा वाटला तरी ठेवा. काम असेल तर मी येईन, आलो नाही तर काम नाही असं समजा. लोक ऐकून घेत नव्हते. घनश्याम म्हणाला, “मंग तुमचा फोन आला तं तुमाले शिवी देऊ का?” मी म्हटलं, दे. तो म्हणाला, हे बरं झालं. एका घरच्या बाईंना राग आला. म्हणाल्या, तुमच्यावरच नाही तर मग कोणावर ठेवायचा? मी म्हटलं, समोर बसलेल्यावर ठेवा. फोनवरच्यावर नको. त्या डोळे पुसत आत गेल्या. त्यांच्या यजमानांचे सगळे कागद मी केले होते.

सुग्राभाभींनी बाराही जणांना पुन्हा फोन केले असं कळलं. दहा जणांनी ठेवून दिला. राहिलेल्या दोघांकडे मी तिसऱ्यांदा जाऊन आलो.

काल एक गोष्ट झाली, ती लिहितो.

ठाण्यातून निरोप आला की जमनाबाईच्या पैशांपैकी काही भाग एका बँकेत अडवून ठेवलेला सापडला आहे. तो सोडवायला तिची सही आणि पासबुक लागेल, आजच या. मी घाईत होतो. हातात मोबाईल होता, लावला.

“कोण?”

“मी मधुसूदन. तहसिलीतला.”

ती म्हणाली, “त्यायचं नाव तोंडात घेऊ नको. देवमाणसाचं नाव घेऊन गरिबाले लुटता. हात झडून जातील.”

“जमनाबाई, खरंच मी आहे. पासबुक घेऊन ठाण्यात—”

“पासबुक तुह्या बापाचं आहे का?” आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, तर उचललाच नाही.

माझं नाव सांगितल्यावर आजवर कोणी फोन ठेवला नव्हता. तहसीलदार ठेवत नसत. मी मोबाईल हातात घेऊन खुर्चीत बसून राहिलो. रजनीनं विचारलं, काय झालं? मी तिला सांगायला गेलो आणि रडू लागलो. ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली. एप्रिलनंतर पहिल्यांदा असं झालं.

मग चप्पल घालून जमनाबाईकडे गेलो. ती दारातच होती, शेजारणीला हातवारे करून काही सांगत होती. मला पाहताच पुढे आली.

“बरे आले साहेब. आताच तुमच्या नावानं फोन आलता. आवाजही मेल्यानं हुबेहूब तुमचाच काढला. मी असा कापला की पुन्हा नाही करणार.”

मला पुन्हा एकदा ‘हो’ म्हणून मोकळं होता आलं असतं. तिचा चेहरा इतका आनंदी होता. मी म्हटलं, “जमनाबाई, तो मीच होतो.”

शेजारीण हसायला लागली, तिला जमनाबाईनं एका नजरेनं गप्प केलं.

“खरंच तुमी?”

“खरंच मी.”

“मंग बापाचं काढलं मी तुमच्या.”

“काढलं. बरोबर केलं.”

तिनं पदर सावरला, आत गेली, पिशवीत पासबुक घेऊन बाहेर आली आणि कुलूप लावता लावता म्हणाली, “पुढच्या खेपीही कापीन, सांगून ठेवते. तुमी असा की आणखी कोणी.”

मी म्हटलं, “कापा.”

आम्ही दोघं पायी ठाण्यात गेलो.

आपला,
मधुसूदन